सड्यावरचा वणवा

दिवाळीची पणती आणि फाल्गुनातला वणवा यांचे नाते आहे असे म्हटले, तर सणासुदीला हे कसले अभद्र काढलेत, असे वाचक म्हणतील. पण नाते आहे खरे, आणि ते जुळवणारा मध्यस्थ म्हणजे वारा. संस्कृतात अग्नीला 'वायुसख' असे नाव आहे. हा वाऱ्याचा सखेपणा मात्र मोठा हिशेबी. रान जाळीत निघालेल्या आगीला तो खांद्यावर घेऊन मिरवतो, आणि तुळशीपुढची एवढीशी पणती दिसली की एका फुंकरीत विझवतो. दुबळ्याशी मैत्री कोण करणार, असा टोला एका जुन्या सुभाषितकाराने याच गोष्टीवरून हाणला आहे. आमच्या मालवण किनाऱ्यावरच्या माणसाला ते सुभाषित पाठ असो वा नसो, त्यातला अर्थ त्याच्या अंगी मुरलेला असतो. कार्तिकात ज्या वाऱ्यापासून तो ओंजळ धरून पणती वाचवतो, त्याच वाऱ्यापासून चार महिन्यांनी त्याला घर, गोठा आणि बाग वाचवायची असते.

राजांच्या, लढायांच्या, किल्ल्यांच्या इतिहासाने आमचा किनारा भरलेला आहे. १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण त्याच किनाऱ्याच्या पाठीशी जो सडा पसरला आहे, त्याच्यावर दर साली पेटणाऱ्या आगीचा इतिहास कोणी सांगत नाही. तो थोडासा सांगावा, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम जागेची ओळख करून घेऊ. पर्यटकाच्या डोळ्यांत कोकण म्हणजे माड, पुळण आणि खाडी. खाडीकाठची घाटी चढून वर आले की चित्र एकदम पालटते. वर जांभ्या दगडाचा उघडा, सपाट माळ लागतो. हाच सडा. त्याच्या कातळावर माती असते ती वितीवितीची. पावसाळ्यात तेवढ्या मातीवर गवत उगवते, तेरड्याची आणि इतर रानफुलांची झुंबड उडते, कातळातल्या खळग्यांत पाणी साठते. आज उजाड दिसणारा हा सडा कधीकाळी माणसाच्या वावरातला होता. मालवण तालुक्यातल्या कुडोपी गावच्या सड्यावर प्राचीन माणसाने कोरलेली कातळशिल्पे आहेत, आणि २०२२ मध्ये कोकणातल्या अशा काही जागांबरोबर कुडोपीचेही नाव युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेले.

पाऊस गेला की हे गवत पिवळे पडू लागते. पातळ मातीत ओल टिकत नाही, म्हणून ते लवकर वाळते. पौषात त्याचे करड होते, आणि माघ-फाल्गुनात त्याला काडीचाही आधार लागत नाही, ठिणगी पुरते. त्यातच वाऱ्याचा खेळ सुरू असतो. रात्री आणि पहाटे वारा घाटाकडून समुद्राकडे वाहतो, त्याला आपण मतलई म्हणतो. दुपार कलली की खारा वारा समुद्राकडून जमिनीकडे उलटतो. म्हणजे सकाळी जी आग सड्याच्या पश्चिम कडेकडे सरकत असते, तीच तिसऱ्या प्रहरी तोंड फिरवून पूर्वेच्या वाडीवर येऊ शकते. त्यात आगीला चढाव फार आवडतो. ज्वाळा वरच्या बाजूचे गवत आधीच शेकून कोरडे करतात, त्यामुळे पायथ्याशी लागलेली आग बघता बघता माथा गाठते. माथ्यावर वारा तिची वाट पाहतच असतो.

आमचे आजोबा म्हणत, "आगीक घाबरा नको, वाऱ्याक घाबर." माझ्या लहानपणी, मी सात-आठ वर्षांचा असताना, या वाक्याचा अर्थ मला कळला. वाडीच्या वरच्या सड्यावर सकाळपासून धूर दिसत होता. माणसे अधूनमधून वर पाहत आणि आपल्या कामाला लागत, कारण आग आमच्याकडे पाठ करून चालली होती. दुपारी जेवणे आटोपून मंडळी लवंडली, आणि वरून हाळी आली, "वारो फिरलो! गोरवां सोडा रे!" पुरुष ओले टहाळ घेऊन वर धावले. बायकांनी विहिरीपासून परड्यापर्यंत रांग धरली आणि कळशा हातोहात पुढे सरकू लागल्या. आग अजून दोन शेते दूर होती, तोवर आमच्या शेजारच्या घरची गवताची उडवी पेटली. ती कशाने पेटली हे मला त्या वेळी कोडेच वाटले. ज्वाळा तर तिथवर पोचल्याच नव्हत्या! पोचली होती ती वाऱ्यावरून आलेली एक जळती काडी. त्या संध्याकाळी घरे वाचली, पण दोन उडव्या आणि एक मांगर गेला, आणि पुढचे दोन-तीन महिने त्या घरची गुरे शेजाऱ्यांनी वाटून पोसली.

घराच्या अंगणापर्यंत आग चालत येते ही आपली समजूत अर्धीच खरी आहे. पुष्कळदा ती उडत येते. आजचे शास्त्रज्ञही हेच सांगतात. वाऱ्याने पेटलेल्या मोठ्या आगीत बहुतेक घरे ज्वाळांच्या भिंतीमुळे पेटत नाहीत. छपरात, वळचणीत, अंगणातल्या पाचोळ्यात येऊन पडलेल्या ठिणग्या ती पेटवतात. आणि जुन्या कोकणातले छप्पर म्हणजे ठिणगीला आमंत्रणच. गरिबाचे घर गवताने नाहीतर माडाच्या चुडतांनी शाकारलेले. त्यापेक्षा बरी स्थिती असेल तर कुंभाराच्या हातचे नळे. घराला लागून गोठा, गोठ्याला लागून उडवी.

अशा गावांना आग लावणे किती सोपे होते, याची साक्ष राजकीय इतिहासातही सापडते. वेंगुर्ले हे सतराव्या शतकातले नामांकित बंदर. डचांनी १६३७-३८ च्या सुमारास तिथे वखार घातली होती. हे गाव अकरा वर्षांत दोनदा जळले. १६६४ मध्ये गाव उलटले म्हणून शिवाजीमहाराजांच्या फौजेने ते जाळले, आणि १६७५ मध्ये मोगलांनी त्याला पुन्हा आग दिली, असे गॅझेटियरमध्ये नमूद आहे. ते वणवे नव्हेत, हे उघड आहे. तरी गवती छपरांच्या वस्तीला आग लागली म्हणजे अर्धे काम माणूस करतो आणि उरलेले वारा, हे त्या दोन्ही वेळी वेंगुर्लेकरांनी पाहिले असेल.

आता आगीचा दुसरा चेहरा पाहू. कोकणात आग ही नुसती शत्रू नव्हती, ती शेतीतली कामकरीण होती. डोंगरउतारावरची कुमरी तिच्याच जोरावर चाले. हिवाळ्यात उतारावरची झाडी तोडायची, ती वाळू द्यायची, पावसाच्या तोंडावर पेटवायची आणि राखेत नाचणी, वरी पेरायची. दोन-तीन वर्षांनी तो तुकडा सोडून पुढे जायचे आणि मागे रान पुन्हा वाढू द्यायचे. खाली मळ्यात भाजावळ असे. तरव्याच्या जागेवर कवळ, पाचोळा, शेण यांचे थर घालून ते जाळायचे, म्हणजे तण मरते आणि रोपाला राखेचे खत मिळते.

या आगीला शिस्त होती. भाजावळ पेटवायची ती वारा पडलेल्या वेळी. पेटवायची ती वाऱ्याच्या खालच्या बाजूने, म्हणजे आगीला वाऱ्याशी झगडत मागे सरकावे लागते आणि ती हळू चालते. हातात ओला टहाळ असल्याशिवाय काडी ओढायची नाही, आणि राख निवेपर्यंत जागा सोडायची नाही. हे कायदे कोणी छापले नव्हते. मोडले तर मात्र गावच्या बैठकीत जाब द्यावा लागे. सर्वच माणसे शहाणी होती असा याचा अर्थ नाही. कोवळे गवत लवकर यावे म्हणून सडा पेटवून देणारे, शिकारीसाठी झुडपे जाळणारे, विडीचे थोटूक फेकणारे तेव्हाही होते. पण ज्याने आग वाढवली त्याचे नाव गावाला ठाऊक असे, आणि ती विझवायला त्यालाही यावे लागे.

इंग्रजांनी ही आग निराळ्या नजरेने पाहिली. अलेक्झांडर गिब्सन हा पेशाने डॉक्टर आणि आवडीने वनस्पतिशास्त्रज्ञ. पुण्याजवळच्या दापोडीची सरकारी बाग त्याच्याकडे होती, आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. कुमरीने डोंगर उघडे पडतात, झरे आटतात आणि गाळाने खाड्या भरतात, असा त्याचा आक्षेप होता, आणि त्यात तथ्य नव्हते असे म्हणवत नाही. पुढे १८६५, १८७८ आणि १९२७ चे जंगलकायदे आले. राखीव जंगलात आग लावणे गुन्हा ठरला. जंगलात हक्क असलेल्या प्रत्येकाने वणव्याची वर्दी दिली पाहिजे आणि तो विझवायला हात लावला पाहिजे, असेही १९२७ च्या कायद्यात कलम आहे. पण दक्षिण कोकणात सरकारी जंगल थोडे आणि मालकीचे रान फार. सडा तर बहुधा कोणा एकाचा नसतो. सातबाऱ्यावर नावांची माळ असते आणि निम्मी नावे मुंबईत. कायद्याचा हात तिथे पोचता पोचत नाही. गावाचा हात पोचत होता, तो कसा सुटला हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

तत्पूर्वी क्षणभर मुंबईकडे वळतो, कारण कोकणची कोणतीही गोष्ट मुंबईला गेल्याशिवाय पुरी होत नाही. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी मुंबईच्या कोटात बाजाराच्या भागात आग लागली. वारा जोराचा होता. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या अहवालानुसार दिवसभर सारे प्रयत्न वाऱ्यापुढे फुकट गेले आणि तटाच्या आतल्या गावाचा जवळजवळ तिसरा हिस्सा जळून गेला. आग थोपवायला वाटेतली घरे तोफांनी पाडावी लागली, म्हणजे जळणाऱ्या घरापुढे रिकामी जागा निर्माण करावी लागली. पुढे कोटाबाहेरची मोकळी जागा अधिक रुंद केली गेली आणि पुष्कळ वस्ती कोटाबाहेर सरकली. आज मुंबईत मैदानावर क्रिकेट पाहत बसणाऱ्या चाकरमान्याला कल्पना नसते, पण त्या मोकळ्या जागेच्या इतिहासात तोफांच्या माऱ्याइतकाच त्या आगीचाही वाटा आहे. आगीपुढे रिकामा पट्टा हवा, हे शहराला एक तृतीयांश घरे देऊन शिकावे लागले. आमच्या वाडीला ते फुकट मिळत होते.

फुकट कसे? गवतामुळे. दिवाळी सरली की सड्यावर कापणी सुरू होई. घर शाकारायला गवत हवे, गुरांना उन्हाळाभर वैरण हवी, आंब्याच्या पेटीत घालायला पेंढा-गवत हवे. पहाटे कोयते घेऊन गेलेली माणसे तिन्हीसांजेला डोक्यावर भारे घेऊन उतरत, आणि पौष लागायच्या आत सड्याची हजामत झालेली असे. उरलेसुरले गुरे चरून काढीत. मग माघात कोठे ठिणगी पडली तरी तिला खायला काय मिळणार? कोणी 'आग प्रतिबंधक योजना' आखली नव्हती. लोकांची गरज हीच योजना होती.

ही गरज एकेक करून सुटत गेली. १८६५ मध्ये बाझेल मिशनच्या प्लेब्स्ट नावाच्या जर्मन कारागिराने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि पुढच्या काळात मंगलोरी कौल समुद्रमार्गाने किनाऱ्यावरच्या बंदराबंदरांत उतरू लागले. हे कौल आमच्यावर मोठा उपकार करून गेले. ठिणगी त्याच्यावर पडली तर विझून जाते. पण त्याच कौलाने शाकारणीच्या गवताची गरज संपवली. मग गिरण्यांनी माणसे ओढली. रत्नागिरी जिल्ह्याच्या, म्हणजे त्यात तेव्हा मोडणाऱ्या आमच्या मुलखाच्याही, गावागावांतून तरणे हात परळ-लालबागला गेले. (सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी.) मनीऑर्डर आली, पण मनीऑर्डर गवत कापत नाही. शेवटी गुरे कमी झाली. नांगराच्या जागी यंत्र आले, दूध पिशवीतून आले, गोठ्याची मोटारशेड झाली. सड्यावरचे गवत मात्र पूर्वीसारखेच दर पावसाळ्यात इमानेइतबारे उगवत राहिले. त्याला कापणारा कोयता आणि खाणारे तोंड नाहीसे झाले, एवढेच.

त्याच सुमारास सड्याच्या कडेला एक नवी संपत्ती उभी राहिली. काजू पोर्तुगीजांनी आणला तो सोळाव्या शतकात. पण तो बहुधा आपोआप वाढणारे रानझाड म्हणूनच होता. १९५७ मध्ये वेंगुर्ल्याला फळसंशोधन केंद्र निघाले, तिथून कलमी काजूच्या 'वेंगुर्ला' जाती निघाल्या, आणि १९९० च्या सुमारास रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. उजाड वरकस जमिनी हापूस आणि काजूने झाकल्या गेल्या. हे फार चांगले झाले. पण आता पाहा: पूर्वी वणवा सड्यावर लागे तेव्हा गवत जळे, आता वणवा लागतो तेव्हा कोणाच्या तरी आयुष्याची दहा-पंधरा वर्षे जळतात. आणि वणव्याचा महिना नेमका मोहोराचा, कैरीचा आणि काजूबीचा महिना! कलमाची साल एकदा शेकली की झाड उभे दिसते, पण पुढच्या पावसात कळते की ते आतून गेले आहे. बागांच्याही पलीकडे आता बंगले, पर्यटकांची निवासगृहे, निवृत्त चाकरमान्यांची घरे सड्याच्या कडेवर चढू लागली आहेत, कारण तिथून समुद्र दिसतो. समुद्र दिसतो हे खरे. पण समुद्राकडून येणारा वाराही तिथेच प्रथम लागतो.

दूर जायला नको. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला तोवरचा सर्वांत उष्ण ठरलेला फेब्रुवारी २०२३ चा. तो सरला आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात आमच्या शेजारी, गोव्याच्या सत्तरी तालुक्यात म्हादई अभयारण्यात वणवे पेटले. ते एका जागी विझवावेत तर दुसऱ्या जागी दिसत. डोंगर इतके अवघड की माणसाला पाणी घेऊन जाता येईना. अखेर नौदलाची आणि वायुदलाची हेलिकॉप्टरे मोठाल्या बादल्या लटकवून पाणी ओतू लागली. सदैव दमट म्हणून ज्या पश्चिम घाटाची ख्याती, त्याची ही अवस्था. त्याच डोंगररांगेत आमच्या दोडामार्गची तिलारीची राई आहे, जी २०२० मध्ये संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाली. आगीला तालुक्याची आणि राज्याची सरहद्द वाचता येत नाही.

जगातही हाच पाठ पुन्हा पुन्हा गिरवला जात आहे. ६ नोव्हेंबर १९६१ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ बेल एअर या श्रीमंत वस्तीवर वाऱ्याने आग आणली आणि ४८४ घरे जळाली. तिथल्या छपरांवर लाकडी फळ्यांची कौले होती. आमच्या चुडतांची ती श्रीमंत बहीण. हवाई बेटांवरचे लाहायना हे गाव तर मला फार जवळचे वाटते. तिथे पिढ्यान्‌पिढ्या उसाचे मळे होते. साखरेचा धंदा बसला, तिथला कारखाना १९९९ मध्ये बंद पडला, मळे ओस पडले आणि त्यांवर परके गवत माजले. ८ ऑगस्ट २०२३ रोजी सोसाट्याचा वारा सुटला, त्या गवतातून आग गावात शिरली आणि शंभरावर माणसे गेली. २०२५ च्या जानेवारीत पुन्हा लॉस एंजेलिस: १६ हजारांहून अधिक इमारती खाक. विमाने होती, बंब होते, पैसा होता. वाऱ्यापुढे ते सारे अपुरे पडले. लाहायनाच्या गवताची आणि आमच्या सड्यावरच्या करडाची कथा एकच आहे: माणसाने जमीन कसणे सोडले, पण तिच्या शेजारी राहणे सोडले नाही.

मग करायचे काय? पुन्हा गवती छपरे घाला आणि दहा-दहा गुरे पाळा, असे सांगण्याइतका मी भाबडा नाही. जुन्या गरजा गेल्या; त्यांनी नकळत केलेले काम मात्र आता आपल्याला कळून-सवरून करावे लागेल. ते काही अवघड नाही. बागेभोवती आणि वाडीभोवती गवत बेणून दहा-बारा हातांचा पट्टा स्वच्छ ठेवावा. घराच्या पन्हळीतला पाचोळा काढावा, सरपणाची रास भिंतीला टेकून रचू नये. विजेच्या तारांखालचे गवत आधी कापावे, कारण वाऱ्यात तारा घासून पडणारी ठिणगी ही नव्या काळाची चकमक आहे. भाजावळ करायची तर शेजाऱ्याला सांगून, पहाटेच्या पडलेल्या वाऱ्यात. आता उपग्रह आकाशातून आग पाहतात आणि वनखात्याला तिची वर्दी देतात. ही मोठी सोय झाली. तरी उपग्रहाला टहाळ हातात धरता येत नाही. पहिल्या अर्ध्या तासात वर धावतील अशी दहा माणसे वाडीत हवीत, आणि दहा नसतील तर पाच असलेल्या दोन वाड्यांनी एक व्हायला हवे. ज्यांची नावे सातबाऱ्यावर आहेत आणि पाय मुंबईत आहेत, त्यांनी निदान कापणीची मजुरी तरी पाठवावी. वाटणीच्या वेळी जो सडा सर्वांचा असतो, तो बेणणीच्या वेळी कोणाचाच नसतो, हे चालायचे नाही.

आणि या सगळ्याचा मुहूर्त कोणता म्हणाल, तर हाच. वणवा फाल्गुनात दिसतो, पण त्याची तयारी कार्तिकात होते. नरकचतुर्दशीला अंगणात कारीट फोडून झाले, फराळाची ताटे शेजारी पोचती झाली, गावी आलेले चाकरमानी परतीच्या गाडीची वेळ पाहू लागले, की त्या दोन-तीन दिवसांत घरातल्या मोठ्यांनी पोरांना घेऊन एकदा सड्यावर जावे. गवत अजून अर्धे हिरवे असते, वारा गोड असतो, खाली समुद्र निळा दिसतो. कोणाची हद्द कुठे, पट्टा कुठून काढायचा, पाणी सर्वांत जवळ कोठे, हे मुलांना दाखवून ठेवावे. येताना प्रत्येकाने एकेक भारा आणला तरी तेवढ्या जागेतला वणवा घरी आणून गोठ्यात बांधल्यासारखे होईल. संध्याकाळी पणत्या लावायच्या असतातच.